ऑनलाइन बाजारातील अडत्या

प्रेशर कुकर हे आपल्या स्वयंपाकघरातील असे एक भांडे आहे की, ते बिघडले तर केवळ अन्नाचीच नासाडी होते असे नाही. वाफेच्या दाबाने ते फुटले, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. म्हणूनच भारत सरकारने घरगुती प्रेशर कुकरांना भारतीय मानकाची अट सक्तीची केली, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून मानकचिन्ह नसलेला कुकर विकणे बेकायदेशीर ठरले. त्यानंतर दीड वर्षाने, ऑगस्ट २०२२ मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अमेझॉन व फ्लिपकार्ट या दोन मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांविरुद्ध आदेश काढले. या सक्तीला न जुमानता विकलेले २,२६५ कुकर अमेझॉनच्या द्वारे आणि ५९८ कुकर फ्लिपकार्टच्या द्वारे लोकांच्या घरी पोहोचले होते. दोघींनाही प्रत्येकी एक लाख रुपये दंड झाला. शिवाय, ज्यांनी हे कुकर घेतले त्या सर्वांना तसे कळवावे, कुकर परत घ्यावेत आणि किंमत परत करावी, असे त्यांस फर्मावण्यात आले.

त्या आदेशांत दोन लहानसे आकडे आहेत. या कुकरांच्या विक्रीवर अमेझॉनला मिळालेले शुल्क होते सुमारे ६ लाख १४ हजार रुपये, आणि फ्लिपकार्टला मिळालेले सुमारे १ लाख ८४ हजार. दंडाची रक्कम मिळकतीहून कमी होती, हे कोणाच्याही ध्यानात येईल. पण ते आकडे नमूद करण्यामागे प्राधिकरणाचा हेतू निराळा होता. प्रत्येक विक्रीमागे जो पैसा मिळवितो, त्याला त्या विक्रीतून उद्भवणाऱ्या प्रश्नाशी आपला संबंध नाही असे म्हणता येणार नाही, हा प्राधिकरणाचा मुद्दा होता. फ्लिपकार्टच्या बाबतीत तर प्रत्येक बिलावर तिचे नाव छापणे सक्तीचे होते आणि विक्रेत्यांची सुवर्ण, रौप्य व कांस्य अशी प्रतवारी लावण्यात येत होती, याकडेही प्राधिकरणाने बोट दाखविले. या आदेशांविरुद्ध कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. त्या वादाच्या मुळाशी जो प्रश्न आहे त्याचा आज थोडा विचार करावयाचा आहे. वस्तू सदोष निघाली तर जबाबदारी कोणाची? बनविणाऱ्याची, विकणाऱ्याची, की जिच्या दारातून ती आपल्या घरी आली त्या बाजारपेठेची?

समजा, भोपाळला राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने घरबसल्या मिक्सर मागविला. मोबाइलच्या पडद्यावर नाव दिसते ते बाजारपेठेचे. पैसे जातात तिच्या खात्यात. खोक्यावर तिचीच मुद्रा असते आणि खोके घेऊन येणारा मुलगाही बहुधा तिच्याच नावाचा सदरा घालून येतो. त्या कुटुंबाच्या मते त्यांनी मिक्सर अमुक कंपनीकडून घेतला. आठ दिवसांनी मिक्सरमधून ठिणग्या उडू लागल्या म्हणजे मग ते बिल काढून पाहतात, आणि तेथे विक्रेता म्हणून एका भलत्याच पेढीचे नाव आढळते. ती पेढी सुरतेची असेल, लुधियान्याची असेल, किंवा तिचा पत्ता एखाद्या गोदामातील खोलीचा असेल. बाजारपेठेकडे विचारणा केली तर उत्तर येते, ‘विक्रेता आम्ही नव्हे, आम्ही केवळ मध्यस्थ.’

हे उत्तर निव्वळ टोलवाटोलवीचे आहे असे समजणे अन्यायाचे होईल. आपल्या देशाच्या धोरणानेच या कंपन्यांना मध्यस्थ राहावयास लावले आहे. ऑनलाइन व्यापाराचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात कंपनी स्वतः माल विकत घेऊन साठविते व विकते. दुसऱ्यात ती केवळ जागा उपलब्ध करून देते आणि माल इतरांचा असतो. मार्च २०१६ मध्ये सरकारने जे धोरण जाहीर केले, त्यानुसार दुसऱ्या प्रकारात शंभर टक्के परकीय भांडवल चालते, पहिल्या प्रकारात ते चालत नाही. गावोगावच्या लहान दुकानदाराला परकीय भांडवलाच्या थेट स्पर्धेपासून वाचविणे हा त्यामागील हेतू. डिसेंबर २०१८ मध्ये हे नियम अधिक कडक झाले. ज्या विक्रेत्या कंपनीत बाजारपेठेचे भागभांडवल आहे, तिने त्याच बाजारपेठेत माल विकू नये असे ठरले, आणि एखादा विक्रेता आपल्या खरेदीपैकी पंचवीस टक्क्यांहून अधिक माल बाजारपेठेकडूनच किंवा तिच्या गटातील कंपन्यांकडून घेत असेल, तर तो साठा बाजारपेठेच्याच ताब्यातील मानावा असेही ठरले. तेव्हा ‘आम्ही विक्रेते नव्हे’ हे वाक्य या कंपन्यांच्या व्यवसायाचा पायाच आहे. अडचण एवढीच की, दुकानदाराच्या हितासाठी आखलेली ही रेषा ग्राहकाच्या वाटेत भिंत होऊन उभी राहते.

मध्यस्थाच्या जबाबदारीचा प्रश्न आपल्या व्यापाराला मुळीच नवा नाही. कापूस, गळिताची धान्ये, सोने-चांदी यांच्या मुंबईतील व्यापारात अडत्या हा फार जुना. बाहेरगावचा व्यापारी मुंबईच्या अडत्याला पत्र लिहून किंवा तार करून सौदा करण्यास सांगे. या अडत्यांचे दोन वर्ग होते. कच्चा अडत्या घेणाऱ्याची व देणाऱ्याची गाठ घालून देई, आपली अडत घेई आणि बाजूस होई. सौदा बुडाला तर त्याची झळ ज्याची त्याने सोसावयाची. पक्का अडत्या मात्र आपल्या गिऱ्हाइकाला सौदा पुरा होण्याची हमी देई. समोरचा पक्ष कोण हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे आणि ठाऊक असण्याची गरजही नसे, कारण त्याच्या दृष्टीने समोरचा पक्ष म्हणजे अडत्याच. मुंबई उच्च न्यायालयाने १९०५ साली एका निर्णयात या रूढीला कायद्याची मान्यता दिली. पक्का अडत्या आपल्या गिऱ्हाइकापुरता केवळ प्रतिनिधी नसून प्रत्यक्ष पक्षकारच होय, असे त्या निर्णयाचे सार आहे, आणि पुढे प्रिव्ही कौन्सिलनेही ते उचलून धरले.

त्याहूनही जुना आहे १८७२ चा भारतीय करार अधिनियम. त्याच्या २३०व्या कलमाचा सर्वसाधारण नियम असा की, मालकाच्या वतीने करार करणारा प्रतिनिधी स्वतः त्या कराराने बांधला जात नाही. पण तीन प्रसंगी, तसे न ठरलेले असल्यास, तो बांधला जातो असे गृहीत धरावयाचे. मालक परदेशात राहणारा व्यापारी असेल तर. मालकाचे नाव प्रतिनिधीने उघड केले नसेल तर. आणि नाव उघड असूनही त्या मालकावर दावा लावता येत नसेल तर. दीडशे वर्षांपूर्वीच्या या तीन प्रसंगांवर नजर टाकावी आणि मग आजच्या ऑनलाइन विक्रेत्यांकडे पाहावे. परदेशस्थ विक्रेता, निनावी विक्रेता आणि हाती न लागणारा विक्रेता, हे तिघेही आपल्या ओळखीचे आहेत. अर्थात ‘तसे न ठरलेले असल्यास’ या शब्दांतच पळवाट आहे. बाजारपेठेच्या वापराच्या अटी पानेच्या पाने असतात, आणि विक्रीच्या करारात आम्ही पक्षकार नाही असे त्यांत ठासून लिहिलेले असते. त्या अटी वाचून मग खूण करणारा ग्राहक मला तरी अद्याप भेटलेला नाही.

मग हा जुना विचार नव्या व्यापाराला सरळ का लागू झाला नाही? कारण नवा व्यापार कायद्याच्या घरात निराळ्याच दरवाजाने आला. २००० साली माहिती तंत्रज्ञान अधिनियम झाला, तेव्हा कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने संदेश होते, वस्तू नव्हत्या. टपालखात्याला ज्याप्रमाणे प्रत्येक पत्रातील मजकुराबद्दल जबाबदार धरता येत नाही, त्याचप्रमाणे लक्षावधी लोकांचे शब्द वाहून नेणाऱ्या संस्थेलाही त्या शब्दांबद्दल जबाबदार धरू नये, ही त्या अधिनियमाच्या ७९व्या कलमाची मूळ कल्पना. मात्र २००० सालचे हे संरक्षण त्या एका अधिनियमापुरतेच होते. त्याचा तोकडेपणा लौकरच उघडकीस आला. नोव्हेंबर २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या लिलावाच्या संकेतस्थळावर एका विद्यार्थ्याने एक अश्लील चित्रफीत विक्रीस ठेवली. ती यादीतून काढून टाकण्यात आली, तरीही डिसेंबरमध्ये संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना अटक झाली. खटल्याची कारवाई अखेर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तिचे कारण तांत्रिक होते. मूळ कंपनीलाच आरोपी केलेले नव्हते. पण तोपर्यंत या अटकेने मोठीच खळबळ उडवून दिली होती, आणि २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ७९वे कलम नव्याने लिहिले गेले.

ही दुरुस्ती ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. तिने मध्यस्थाला दिलेले संरक्षण आता इतर सर्व कायद्यांवर मात करणारे झाले, आणि ‘मध्यस्थ’ या शब्दाच्या व्याख्येत दूरसंचार कंपन्या व शोधयंत्रे यांच्या पंक्तीला ऑनलाइन लिलावस्थळे व ऑनलाइन बाजारपेठा यांना नाव घेऊन बसविण्यात आले. माझ्या मते आजच्या साऱ्या गोंधळाचे मूळ या पंक्तीत आहे. शोधयंत्र माहिती दाखविते. बाजारपेठही माहिती दाखविते, पण तेवढ्यावर थांबत नाही. ती पैसे घेते, माल साठविते, बांधते, पोहोचविते आणि परतही घेते. एका शब्दाने दोन निरनिराळ्या व्यवसायांवर एकच छत्र धरले.

छत्र सशर्त होते, हे मात्र विसरता कामा नये. मध्यस्थाने संदेश स्वतः निर्माण केलेला नसावा, तो कोणाला जावा हे ठरविलेले नसावे, त्यातील मजकूर निवडलेला वा बदललेला नसावा, आणि योग्य ती दक्षता बाळगलेली असावी. बेकायदेशीर कृत्यात त्याचा हात असेल, किंवा प्रत्यक्ष माहिती मिळूनही त्याने तो मजकूर तातडीने हटविला नाही, तर संरक्षण संपते. ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे काय, याचा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात केला. न्यायालयाचा हुकूम किंवा सरकारची अधिसूचना आली म्हणजेच माहिती मिळाली असे समजावयाचे. कोणीही उठून तक्रार केली तर मजकूर हटविण्याची सक्ती नाही. भाषणस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निर्णय अत्यंत मोलाचा आहे, यात शंका नाही. नाही तर कोणाच्याही धमकीने कोणाचाही लेख नाहीसा झाला असता. पण हीच कसोटी फुटणाऱ्या कुकरला लावून पाहा. एखाद्या गृहिणीने कळविले की हा कुकर धोक्याचा आहे, तर बाजारपेठेने न्यायालयाच्या हुकमाची वाट पाहत बसावे काय? शब्दांसाठी जे शहाणपणाचे, ते वस्तूंसाठीही शहाणपणाचे असेलच असे नाही.

न्यायालयांपुढे हा प्रश्न आला तो प्रथम बोधचिन्हांच्या वादांतून. लाल तळव्याच्या बुटांबद्दल प्रसिद्ध असलेल्या लुबुताँ या फ्रेंच कारागिराने दिल्लीत एका संकेतस्थळाविरुद्ध दावा लावला. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एक-सदस्य पीठाने त्यात तपशिलात शिरून पाहिले. हे संकेतस्थळ मालाच्या खरेपणाची हमी देते काय, आपल्या वेष्टनात तो बांधते काय, वाहून नेते काय, जाहिरात करते काय, वर्गणी घेऊन सभासद करते काय, सवलती देते काय? अशा कामांची एक लांबलचक यादीच न्यायालयाने दिली आणि म्हटले की, यांतील बरीचशी कामे जो करतो तो विक्रीत सक्रिय भाग घेतो, आणि त्याला केवळ निष्क्रिय मध्यस्थाचे संरक्षण मागता येणार नाही. जुन्या भाषेत बोलावयाचे तर, न्यायालयाने अडत्याची वही उघडून तो कच्चा की पक्का हे तपासले.

ही विचारसरणी फार काळ निर्वेध चालली नाही. अमवे आदी थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांनी आपला माल परवानगीवाचून ऑनलाइन विकला जातो म्हणून दावे लावले होते. जानेवारी २०२० मध्ये त्याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने त्यांत उलट निर्णय दिला. ७९व्या कलमात सक्रिय आणि निष्क्रिय असा भेदच नाही. गोदाम, वेष्टन, वाहतूक यांसारख्या जादा सेवा दिल्याने संरक्षण कमी होत नाही, असे त्या पीठाने म्हटले. कायद्याचा मजकूर जसा आहे तसा वाचावयाचा तर या निर्णयाला दोष देणे अवघड आहे. भेद करावयाचा असेल तर तो संसदेने करावा, न्यायालयाने कलमात शब्द घुसडू नयेत, ही भूमिका सरकारी कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला पटण्याजोगीच आहे.

संसदेने तो भेद केला, पण तो निराळ्या कायद्यात. २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम जुलै २०२० मध्ये अमलात आला. सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची भरपाई, या विषयाला त्यात स्वतंत्र प्रकरण मिळाले. उत्पादकाबरोबर विक्रेत्यालाही काही प्रसंगी त्यात जबाबदार धरले आहे. उत्पादनाच्या रचनेवर, चाचणीवर, वेष्टनावर वा लेबलावर ज्याचा भरीव ताबा होता, ज्याने माल जोडण्यात, तपासण्यात किंवा सांभाळण्यात वाजवी काळजी घेतली नाही, किंवा ज्याने असा माल विकला की त्याचा उत्पादक कोण हेच कळत नाही अथवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नाही, तो विक्रेता भरपाईस पात्र ठरतो. १८७२ च्या करार अधिनियमातील तो निनावी, परदेशस्थ मालक येथे नव्या वेषात पुन्हा भेटतो. आणि या अधिनियमातील ‘विक्रेता’ ही व्याख्या चांगलीच रुंद आहे. माल बाजारात आणण्याच्या कामी जो कोणी कसल्याही प्रकारे गुंतलेला असेल त्याला ती कवेत घेऊ शकते. ऑनलाइन बाजारपेठ तिच्यात किती सामावते, हे न्यायनिर्णयांतूनच ठरत जाईल.

या अधिनियमाखाली २३ जुलै २०२० रोजी ई-व्यापाराचे नियम प्रसिद्ध झाले. ते प्रत्येक ग्राहकाने निदान एकदा वाचावेत असे आहेत. बाजारपेठेने प्रत्येक विक्रेत्याचे नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा क्रमांक आणि त्याला मिळालेला दर्जा स्पष्टपणे दाखविला पाहिजे. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास, वाद मिटविण्यासाठी लागणारी विक्रेत्याची अधिक माहिती पुरविली पाहिजे. पडद्यावर अमुक वस्तू वर आणि तमुक खाली का दिसते, त्याचे मुख्य निकष साध्या भाषेत सांगितले पाहिजेत. तक्रार निवारण अधिकारी नेमून, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात झाले पाहिजे. वस्तूचे वर्णन व चित्र खऱ्या वस्तूशी जुळते अशी हमी विक्रेत्याकडून लेखी घेतली पाहिजे. आणि ७९व्या कलमाचे संरक्षण हवे असेल, तर त्या कलमाच्या अटी पाळाव्याच लागतील, हेही तेथे बजावलेले आहे. तात्पर्य, कच्चा अडत्या राहावयाचे असेल तर गिऱ्हाइकाची व मूळ धन्याची गाठ खरोखरच घालून द्या, असे हे नियम बाजारपेठेला सांगतात.

त्यापुढचे पाऊल मात्र मसुद्यातच राहिले. जून २०२१ मध्ये सरकारने या नियमांतील दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला. विक्रेत्याच्या हयगयीमुळे ग्राहकाला वस्तू मिळाली नाही व त्याचे नुकसान झाले, तर त्याची अंतिम जबाबदारी बाजारपेठेवर पडावी, अशी तरतूद त्यात सुचविली होती. मसुद्यावर पुष्कळ वादंग झाले आणि ती तरतूद नियमात उतरली नाही. मसुदा आणि नियम यांतील अंतर कित्येकदा मार्गावरील दोन स्थानकांइतके असते. कधी कधी दुसरे स्थानक येतच नाही.

या कोड्याशी इतर देशही झुंजत आहेत, आणि तेथील न्यायालयांचेही एकमत नाही. कॅलिफोर्नियातील एका बाईंनी अमेझॉनवरून घेतलेली लॅपटॉपची बॅटरी पेटून त्या गंभीर भाजल्या. विक्रेता परदेशस्थ होता. ऑगस्ट २०२० मध्ये तेथील अपील न्यायालयाने अमेझॉनला जबाबदार धरता येईल असे ठरविले, कारण माल तिच्या वखारीत होता, पैसे तिने घेतले, खोके तिचे होते, आणि विक्रेता व ग्राहक यांच्या मध्ये ती स्वतःहून उभी राहिली होती. याच्या उलट, जून २०२१ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने, एका तान्ह्या मुलीने रिमोटमधील बॅटरी गिळल्याच्या प्रकरणात, ज्या कंपनीकडे मालाची मालकी कधी आलीच नाही ती विक्रेता नव्हे असा निकाल दिला. एकाच देशात, वर्षभरात, जवळजवळ सारख्याच व्यवहारावर दोन निकाल! पुढे जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने आपल्या वखारीतून पाठविलेल्या मालापुरती अमेझॉन ही वितरक आहे असे ठरविले. युरोपीय संघाचा डिजिटल सेवांचा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यातील एक कसोटी मला विशेष समंजस वाटते. वस्तू बाजारपेठच पुरवीत आहे असा समज सामान्य ग्राहकाच्या मनात होईल अशा रीतीने जर तिने ती मांडली असेल, तर ग्राहकाविषयीच्या जबाबदारीतून तिला या संरक्षणाच्या आधारे सुटता येत नाही. मालकी कोणाची हा वकिलांचा प्रश्न तेथे बाजूस राहतो, आणि भोपाळच्या त्या कुटुंबाला काय दिसले हे महत्त्वाचे ठरते.

या साऱ्याला दुसरी बाजू आहे, आणि ती बलवान आहे. कोट्यवधी वस्तूंतील प्रत्येक वस्तू बाजारपेठेने आधी तपासावी असे म्हटले, तर ती केवळ मोठ्या कारखानदारांनाच दारात उभे करील. सावंतवाडीची लाकडी खेळणी करणारा, कोल्हापूरच्या चपला शिवणारा, पैठणी विणणारा, यांच्यामागे ना प्रयोगशाळा आहे ना वकील. या माणसांना मुंबई-पुण्याच्या दलालाखेरीज देशभरचे गिऱ्हाईक प्रथमच मिळू लागले आहे. जबाबदारीचे ओझे सरसकट लादले तर पहिल्यांदा बाहेर फेकले जातील ते हेच. म्हणून जबाबदारी ताब्याच्या मानाने असावी असे मला व्यक्तिशः वाटते. नगरपालिकेच्या मंडईत गाळेवाला सडकी भाजी विकतो म्हणून कोणी नगरपालिकेवर दावा लावीत नाही, कारण गाळेवाला समोर बसलेला असतो. पण नगरपालिकेनेच गाळेवाल्याला पडद्याआड बसवून, आपल्या खिडकीत पैसे घेऊन, आपल्या पिशवीतून भाजी दिली असती तर? ज्या मालाला बाजारपेठेचा हात लागत नाही, तेथे विक्रेत्याचा खरा पत्ता देऊन ती मोकळी व्हावी. जो माल तिच्या वखारीत राहतो आणि तिच्या खोक्यातून येतो, त्याची पक्की अडत तिने पत्करावी. कुकरसारख्या वस्तूंच्या बाबतीत तर प्रयोगशाळेचीही गरज नाही. मानकचिन्ह सक्तीचे असलेल्या वस्तूंची यादी सरकारने प्रसिद्ध केलेली असते. परवान्याचा क्रमांक मागणे आणि तो खरा आहे की नाही हे ताडून पाहणे, हे काम ज्या कंपन्या ग्राहकाची आवडनिवड ओळखून दाखवितात त्यांना जड जाऊ नये.

कायदा ठरेल तेव्हा ठरेल; तोवर ग्राहकाच्या हातात जे आहे ते थोडे नाही. २०१९ च्या अधिनियमाने एक फार मोठी सोय करून दिली आहे. पूर्वीच्या १९८६ च्या कायद्यानुसार, विरुद्ध पक्ष जेथे राहतो वा धंदा करतो, किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले, तेथेच सामान्यतः फिर्याद करावी लागे. आता ग्राहक स्वतः जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला जाता येते. रायपूर, हैदराबाद, बडोदे, गुवाहाटी अशा दूरदूरच्या शहरांत विखुरलेल्या आपल्या मंडळींना या तरतुदीचे मोल निराळे सांगावयास नको. कंपनी बंगळूरची, विक्रेता दिल्लीचा, तरी फिर्याद आपल्या गावची. दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही, आणि फिर्याद ऑनलाइनही दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर दूरध्वनी करून पाहावा. पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात.

फिर्याद करताना विक्रेता आणि बाजारपेठ या दोघांनाही पक्षकार करावे. त्यासाठी वस्तू घरी आली त्याच दिवशी बिलावरील विक्रेत्याचे नाव व पत्ता पाहून ठेवावा, वस्तूच्या पानावरील वर्णनाचे चित्र मोबाइलमध्ये जपून ठेवावे, तक्रारीचा क्रमांक टिपून घ्यावा आणि विक्रेत्याचा ठावठिकाणा बाजारपेठेकडे लेखी मागावा. ही मागणी केल्याची नोंद पुढे आयोगापुढे उपयोगी पडते, कारण तिला काय उत्तर आले, किंवा आलेच नाही, यावरून आपल्या समोरचा अडत्या कोणत्या प्रकारचा आहे हे आयोगालाही कळते.